बारा पाठवले, एकोणीस विकले

"काकू, दोडका उणे सात आलाय," धन्यकुमार म्हणाला.

मी पोळ्यांच्या टेबलावरून उठून हात पुसत त्याच्या खोलीत गेले. खोली कसली, भाजी निवडायच्या पडवीला लाकडी फळ्या ठोकून केलेला एक कोपरा होता तो. आत कॉम्प्युटर, वर पंखा आणि मशीनला पिठाची धूळ लागू नये म्हणून शिवलेला माझ्या जुन्या साडीचा पडदा. धन्यकुमारने छापून निघालेल्या लांब कागदावर एका ओळीखाली बोट धरलं होतं. दुकान पहिलं, खणभाग. दोडक्याचे डबे पाठवले बारा, विकले एकोणीस, उरले उणे सात.

"उणे सात म्हणजे काय रे?"

"म्हणजे बारा पाठवून त्यांनी एकोणीस विकले."

"असं कसं होईल?"

"होणार नाही. म्हणून तर तुम्हाला बोलावलं." त्याने बोट खाली सरकवलं. "आणि हे बघा. मटकीचे वीस पाठवले, तीन विकले. कालही असंच होतं. परवाही."

धन्यकुमार उगारे हा सांगलीतल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचा आणि दुपारी चार तास आमच्याकडे यायचा. वय तिशीचं असेल, बोलणं कमी. एखादी गोष्ट पटली नाही की चष्मा काढून पुसत बसायचा.

मी म्हटलं, टेम्पोवाल्या बापूने क्रेटांची अदलाबदल केली असणार. मटकीचं क्रेट समजून दोडक्याचं उतरवलं असणार. धन्यकुमार म्हणाला की एक दिवस तसं होईल, तीन दिवस कसं होईल. तेवढ्यात बाहेर स्कूटरचा आवाज आला. चार वाजले होते, भाऊजींची कागद बघायला यायची वेळ झाली होती.

"हे बघ," मी घाईने म्हटलं, "उरलेल्याच्या रकान्यात उणे आलं की तिथं शून्य छापायची सोय कर."

"काकू, मग ते कुणाला दिसणारच नाही."

"तेच सांगतेय."

त्याने चष्मा काढला आणि पुसायला घेतला.

ही पंच्याण्णव सालच्या नोव्हेंबरातली, दिवाळीनंतरच्या आठवड्यातली गोष्ट. आज मी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. आमच्या 'पानवाढ'ची आता चाळीसच्या वर पोळीभाजीची दुकानं आहेत, कोल्हापूरपासून विजापूरपर्यंत. नातू मोबाइलवर बोट फिरवून कुठल्या गावात किती पोळ्या उरल्या ते सांगतो. तेव्हा नऊच दुकानं होती.

सुरुवात एका दुकानाने झाली होती, तेही आम्ही दोघींनी केलेल्या. मी आणि शेजारच्या हौसाक्का मगदूम. हौसाक्का माझ्याहून दहा-अकरा वर्षांनी मोठ्या. नवरा लवकर गेलेला, एकुलती मुलगी अथणीला दिलेली. एक्क्याऐंशी साली माझ्या यजमानांची नोकरी सुटली, तेव्हा त्यांनीच मला म्हटलं, "मंदा, रडत बसण्यापेक्षा कणीक मळ." खणभागात रस्त्याकडेला दहा बाय बाराची जागा घेतली. पोळ्या मी लाटायच्या, भाज्या त्यांनी करायच्या आणि गिऱ्हाईकही त्यांनीच सांभाळायचं. आवाज असा, की समोरच्या बँकेतले साहेबलोक काउंटर सोडून डबा न्यायला यायचे. कुणाच्या घरी पथ्य आहे, कुणाच्या सासूला वांगं चालत नाही, सगळं त्यांच्या तोंडपाठ.

पुढे माझे दीर मल्लिकार्जुन भाऊजी पैसे घेऊन भागीदारीत आले. माधवनगर रस्त्याला मोठं स्वयंपाकघर झालं. मी तिथे आले, हौसाक्का खणभागातल्या दुकानातच राहिल्या. सगळ्या भाज्या एका जागी करायच्या, पाव किलोचे डबे भरायचे आणि टेम्पोने दुकानांत पाठवायचे. कुठलीही भाजी घ्या, डब्याचा दर एकच. त्यामुळे हिशेब सोपा होता, अवघड होतं ते वेगळंच. कुठल्या दुकानाला उद्या कुठली भाजी किती लागेल, हे सांगणार कोण? दुकानं तीन होती तोवर मी सांगत होते. सहा झाल्यावर माझं चुकायला लागलं. रोज कुठेतरी भाजी फेकावी लागायची आणि कुठेतरी माणसं रिकाम्या हाताने परत जायची.

कॉम्प्युटर घ्यायचा हट्ट माझा. मी पुण्याला भाचीच्या ऑफिसात तो बघून आले होते. भाऊजींचा कडक विरोध होता. स्वयंपाकात यंत्राचं काय काम, म्हणायचे. शेवटी माझ्या वाटणीच्या पैशातून घ्यायचं ठरलं. दुकानादुकानांत बटणांचं एकेक मशीन बसवलं. प्रत्येक भाजीला एक बटण. डबा विकला की ते दाबायचं. रात्री बापू प्रत्येक मशीनमधली कागदाची गुंडाळी घेऊन यायचा. सकाळी धन्यकुमारचा एक विद्यार्थी ते आकडे भरायचा आणि उद्या कुठे काय किती पाठवायचं ते कॉम्प्युटर सांगायचा. सहा महिन्यांत फेकली जाणारी भाजी निम्म्याने कमी झाली. भाऊजी तोंडाने काही म्हणाले नाहीत, पण रोज चारला येऊन कागद मागायला लागले. त्यांच्या कागदात दोनच रकाने असायचे, विकले आणि उरले.

दिवाळीनंतर भाज्या वाढवल्या, म्हणून बटणांची जागाही बदलली. नव्या क्रमाचा छापील तक्ता सगळ्या दुकानांना पाठवला. मी फोनवर प्रत्येकीला विचारलं, तक्ता मिळाला का. हौसाक्का म्हणाल्या, "मिळाला की. भिंतीला लावलाय बघ." आणि त्याच आठवड्यात ते उणे यायला लागलं.

भाऊजींना उणे सात दिसलं असतं, तर ते म्हणाले असते, वहिनींचं यंत्र बारातून एकोणीस काढतं, उद्या आपल्याला पीठसुद्धा लागणार नाही. मला ते ऐकायचं नव्हतं. म्हणून शून्य.

पुढचे चार महिने खणभागाच्या ओळीत कधी दोडका, कधी वांगं, कधी पडवळ धो धो विकलं जाई आणि मेथी, मटकी, बटाटा ही रोजची गिऱ्हाइकी मार खाई. कॉम्प्युटर त्याप्रमाणे दोडका वाढवायचा आणि मेथी कमी करायचा. स्वयंपाकघरात त्याची थट्टा सुरू झाली. खणभागाला दोडक्याचे डोहाळे लागलेत, बायका म्हणायच्या. मीही हसायचे. पण दुकानाची विक्री उतरत चालली होती. मार्चमध्ये ती निम्म्यावर आली, आणि भाऊजींनी सांगून टाकलं की पाडव्याच्या आत पहिलं दुकान बंद करायचं. जागामालक दुप्पट भाडं मागत होता. गुरुवारी तिन्ही भागीदारांनी बसायचं आणि सह्या करायच्या. दुकान गेलं की हौसाक्कांना भागीदारीतूनही मोकळं करायचं, कारण दुकान हाच त्यांचा वाटा होता.

"त्यांचा हात गेला आता," भाऊजी म्हणाले. "वय झालं. कागद काय खोटं बोलतो? तुमचाच कागद आहे."

मंगळवारी सकाळी मी खणभागात गेले. दुकान वाचवायचं काही निघतं का बघावं, आणि नाहीच निघालं तर निदान आपल्या तोंडाने त्यांना सांगावं, असं ठरवून गेले होते.

मी पायरी चढले तेव्हा हौसाक्का रस्त्याकडे तोंड करून बसल्या होत्या. मी अगदी समोर उभी, तरी काही बोलल्या नाहीत. मी "अक्का" म्हटल्यावर एकदम हसल्या.

"आलीस व्हय? चोरावानी येतीस. बस की."

मी मागे स्टुलावर बसले. दुकान लख्ख होतं. डब्यांच्या चळती भिंतीला लावून एका रांगेत. एक शिक्षिका आल्या आणि त्यांनी मेथी मागितली. हौसाक्का म्हणाल्या, मेथी येत नाही आता. बाई म्हणाल्या, पूर्वी तर रोज असायची, आणि रिकाम्या पिशवीनेच गेल्या. कागदावर खणभागात मेथी विकली जात नव्हती, म्हणून आम्ही ती पाठवत नव्हतो.

मग बँकेतला शिपाई आला. त्याला मटकीचा डबा हवा होता. हौसाक्कांनी हात मागे नेला, चळतीवरून दोन डबे मोजले, तिसरा काढला, झाकणाशी नाक नेलं आणि त्याच्या हातात ठेवला. मग तीन बोटं बटणांवर ठेवून डावीकडून सरकत नेली आणि एक बटण दाबलं. दोडका.

"अक्का, मटकी दिली ना तुम्ही?"

"चुकलं बघ. बोलायच्या नादात."

त्या बोलल्याच नव्हत्या त्याच्याशी. पुढच्या गिऱ्हाइकाला बटाटा दिला आणि बटण दाबलं पडवळाचं. तिसऱ्याला वांगं दिलं, ते मात्र बरोबर दाबलं गेलं. मी भिंतीवरचा नवा तक्ता बघितला आणि जुना आठवून बघितला. मटकी पूर्वी जिथे होती, तिथे आता दोडका होता. बटाट्याच्या जागी पडवळ आलं होतं. वांग्याची जागा तेवढी बदलली नव्हती. चार महिने ही बाई जुनीच बटणं दाबत होती.

मला राग आला. तो आजही मला आठवतो, कारण तो अगदी खरा राग होता. मला वाटलं, हा हट्ट आहे. नवीन शिकायचंच नाही. मी उठले, गिऱ्हाईक नाही असं बघितलं आणि तोंड सोडलं. म्हटलं, अक्का, आठ दुकानांतल्या आठ बायका शिकल्या, तुम्हालाच काय झालं? म्हटलं, तुमच्या या बेपर्वाईपायी तुम्हाला नको ती भाजी येते, गिऱ्हाईक तुटतं आणि परवा दुकान बंद करायचं ठरतंय. पंधरा वर्षांचं दुकान तुम्ही बोटांनी मोडलंत.

त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

मी भिंतीवरचा तक्ता काढला आणि त्यांच्या हातात दिला. "वाचा. माझ्यासमोर वाचा एकदा."

त्या उठून दाराशी उजेडात गेल्या. कागद डोळ्यांजवळ नेला. मग त्यांनी डोकं तिरपं केलं आणि कागद हळूहळू डावीकडून उजवीकडे सरकवायला लागल्या, जसं दाराच्या फटीतून कुणी बाहेरचं बघावं तसं.

"थांब, घावतंय," त्या म्हणाल्या. "मट... मटकी. हे बघ मटकी. आता ह्याच्या फुडं..."

फुडचं त्यांना सापडेना. कागदावर बोट फिरत राहिलं. मटकीवर ठेवलेलं बोट घसरलं आणि मग मटकीही सापडेना. रस्त्यावरून सायकलवर जाणाऱ्या माणसाने "हौसाक्का, बरंय का?" म्हणून हात केला. त्यांनी आवाजाच्या दिशेने हसून मान हलवली, तोवर तो पुढे निघून गेला होता.

मी त्यांच्या हातातून कागद घेतला.

"कधीपासून?"

"मोतीबिंदू हाय ग," त्या म्हणाल्या. "सगळ्यांना हुतो. पिकला की काढायचा. माझ्या चुलतीचा चार वर्सं पिकत हुता. मधलं दिसतंय की मला. कडंचं तेवढं दिसत न्हाई."

"कुणाला दाखवलंत?"

"चष्म्याच्या दुकानात गेलते. नंबर बदलून दिला. फरक न्हाई."

मी दुकान अर्ध्या दिवसात बंद केलं. पंधरा वर्षांत ते पहिल्यांदा भरदुपारी बंद झालं.

मिरजेत एक डोळ्यांचे डॉक्टर माझ्या ओळखीचे होते. तिथेच घेऊन गेले. त्यांनी तासभर तपासलं. अंधाऱ्या खोलीत नेऊन बारीक दिवे दाखवले, कुठला दिसतो आणि कुठला नाही ते विचारलं. मी बाहेर बाकावर बसले होते. आतून हौसाक्कांचा आवाज येत होता. "न्हाई दिसला. ह्यो बी न्हाई. लावलाय व्हय? लावलाय असं म्हणताय तर लावला असंल." डॉक्टरही हसत होते. मग ते हसायचे थांबले.

त्यांनी मला आत बोलावलं. मोतीबिंदू नव्हता. काचबिंदू होता, दोन्ही डोळ्यांना. त्यात दुखत नाही, खुपत नाही. कडेकडेने दिसायचं कमी होत जातं आणि गेलेलं परत येत नाही. डावा डोळा जवळजवळ गेला होता. उजव्यात मधे एक टिकलीएवढी जागा राहिली होती.

"थेंब देतो," ते म्हणाले. "ही जागा किती टिकेल सांगता येत नाही. चार-पाच महिने आधी आला असता, तर उजवा डोळा राखता आला असता. बऱ्यापैकी."

"चार महिने?" मी विचारलं.

"दिवाळीच्या सुमाराला म्हणा. तुम्हाला कुणाला काही जाणवलं नाही का? वस्तूंना धडकणं, हाताला चुकीचं लागणं?"

मी नाही म्हटलं.

परत येताना रिक्षा केली. हौसाक्का बाहेर बघत होत्या, किंवा बघितल्यासारखं करत होत्या. विश्रामबागच्या अलीकडे त्या म्हणाल्या, "मंदा, एक इचारू?"

"विचारा ना."

"कागदावर काही येत नव्हतं व्हय ग?"

मला समजलं नाही. त्या सांगू लागल्या. तक्ता आला त्या दिवशीच त्यांना कळलं होतं, की तो आपल्याला वाचता येत नाही. गर्दी नसली की त्या एकेका बटणाला डोळा लावून बघायच्या. गर्दी झाली की बोटं जुन्या वाटेनेच जायची. सकाळी बापू क्रेट उतरवायला लागला की कुठली भाजी जास्त आली त्यावरून त्यांना समजायचं, काल आपण काय दाबलं.

"कुणाला सांगणार? बापूला? गिऱ्हाइकाला?" त्या म्हणाल्या. "तुझे दीर तर कळल्या दिशीच घरी बसवतील मला. आंधळीच्या हातचं कोण खाईल? डब्यात केस निघंल, खडा निघंल म्हणतील. म्हटलं, आपुन काय बोलायचं न्हाई. मंदाचं मशीन लई हुशार हाय, ते सांगंल तिला. पाठवलेल्यापेक्षा विकलेलं जास्त दिसलं की मंदा म्हणंल, हे काय, आणि एकटीच येईल, हळूच इचारंल. म्हणून रोज संध्याकाळी मी वाट बघायची. चार महिने बघितली. म्हटलं, कागदावर येत नसंल."

रिक्षाचा आवाज मोठा होता. मी ऐकलं नाही असं दाखवू शकले असते.

"येत होतं," मी म्हटलं. "पहिल्याच आठवड्यात आलं होतं. मीच ते पुसायला सांगितलं."

त्यांनी मान वळवली. ती टिकलीएवढी जागा माझ्या चेहऱ्यावर आणायला त्यांना थोडा वेळ लागला.

"का ग?"

"भाऊजी नावं ठेवतील म्हणून. मशीनला."

त्या पुन्हा बाहेर बघायला लागल्या. तसंच बघत म्हणाल्या, "म्हणजे आपुन दोघी बी एकाच माणसाला भ्यालो."

मी रडायला लागले. रिक्षावाला आरशातून बघत होता. हौसाक्कांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि मी गप्प होईपर्यंत तो तिथेच ठेवला. मग म्हणाल्या, "ह्यातलं परवा काही बोलायचं न्हाई. माझी आण हाय."

मी म्हटलं, असं कसं? खरं सांगितलं तर दुकान वाचेल. आकडे चुकीचे होते, दुकान चुकलं नव्हतं. मशीनवर दुसरी बाई बसवता येईल. त्यांनी मान हलवली. दुकान राहील, पण हौसा तिथं आंधळी होऊन बसेल आणि येणारा प्रत्येक जण डब्याचं झाकण उघडून बघेल. त्यापेक्षा म्हातारी झाली, जमेना, असं म्हणू देत. म्हातारं काय, सगळेच होतात.

बुधवारी दुपारी मी धन्यकुमारला शून्य काढून टाकायला सांगितलं. त्याने का म्हणून विचारलं नाही. तेव्हापासून आजपर्यंत कुठल्याही दुकानात उणे आलं की फोन करायचा नाही, माणसाने जाऊन बघायचं, असा आमच्याकडे नियम आहे. नातवाला तो जुनाट वाटतो.

गुरुवारी दुपारी भाऊजींच्या दिवाणखान्यात बसलो. हौसाक्का नेहमीची जांभळी इरकल नेसून आल्या होत्या. मी त्यांच्या घरून त्यांना बरोबर घेऊन आले, उंबऱ्याशी "पाय जपून" म्हटलं आणि सोफ्यावर अगदी लागून बसले. भाऊजींनी चार महिन्यांचे कागद काढले. ते वाईट माणूस नव्हते. त्यांना वाईट वाटत होतं आणि वाईट वाटलं की ते थट्टा करायचे.

"खणभागाने दोडका खाल्ला आणि दोडक्याने दुकान खाल्लं," ते म्हणाले. "हौसाक्का, तुम्ही एवढा दोडका विकलात तरी कुणाला?"

"तुमच्यासारख्या माणसांना," हौसाक्का म्हणाल्या. "पथ्याची माणसं वाढली गावात."

भाऊजी मोठ्याने हसले. मला ते सहन होईना.

"भाऊजी, हे आकडे चुकीचे आहेत," मी म्हटलं.

त्यांनी हातातला कागद खाली ठेवला. "काय सांगताय? तुमच्या मशीनचे आकडे?"

"हो. माझी चूक आहे. बटणं बदलल्यावर मी..."

"आकडे बरोबर हाईत," हौसाक्का मधेच म्हणाल्या. आवाज तोच, दुकानातला, समोरच्या बँकेत ऐकू जाणारा. "मंदाला माझी माया हाय म्हणून ती बोलतीया. मशीनचं काही चुकलं न्हाई. माझंच चुकलं. जमत न्हाई मला आता. द्या कागद हिकडं."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्या भाऊजींच्या आवाजाकडे बघत होत्या.

भाऊजींनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा त्यांच्याकडे. मग म्हणाले, बरं. त्यांनी सांगितलं की अक्कांना रोज घरी डबा जाईल, त्या जिवंत असेपर्यंत. हौसाक्का म्हणाल्या, डबा नको, मी अथणीला लेकीकडे निघाले आहे. ते मलाही ठाऊक नव्हतं. तिथे त्या पुढे अकरा वर्षं होत्या. मी वर्षातून दोनदा जायचे. शेवटची आठ वर्षं त्यांना उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. त्या कुणाजवळही, लेकीजवळसुद्धा, दुकानाबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. मीही भाऊजींना कधी काही सांगितलं नाही. ते गेले तेव्हा त्यांच्या लेखी हौसाक्का वयामुळे थकल्या होत्या.

त्या गुरुवारी टायपिंग केलेला कागद टेबलावर सरकवला गेला. सही करायची जागा अगदी खाली, डाव्या कोपऱ्यात होती. भाऊजींनी पेन्सिलीने तिथे बारीक फुली मारली होती. हौसाक्कांनी पेन घेतलं. पेन कागदाच्या मध्यावर आलं, थोडं पुढे गेलं आणि हवेतच थांबलं. त्यांनी डोकं किंचित तिरपं केलं.

मी त्यांच्या हातावर हात ठेवला आणि तो खाली, डावीकडे नेला. पेनाचं टोक फुलीवर टेकेपर्यंत दाबून धरला.

भाऊजींनी आमच्या हातांकडे बघितलं. "वहिनी," ते म्हणाले, "सोडा आता त्यांना. सही करू द्या."

"करू द्या की हो तिला," हौसाक्का म्हणाल्या. "दोघींनी मिळून उघडलं हुतं."

आणि माझा हात आपल्या हातावर तसाच राहू देऊन त्यांनी हळूहळू पूर्ण नाव लिहिलं.